प्रश्न तुमचे : सेरेंगेटीचे कळप, शिकारी आणि माश्या

टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाबद्दल आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. पुष्कळ पत्रांत प्रश्न तोच, शब्द तेवढे वेगळे. असे प्रश्न एकत्र केले.

प्रश्न : वाइल्डबीस्टचं स्थलांतर बघायचं तर जुलै-ऑगस्टच गाठावा, असं सगळे सांगतात. आम्हाला फेब्रुवारीत आठ दिवसांची सुट्टी मिळतेय. जावं की थांबावं?

खुशाल जा. स्थलांतर म्हणजे जुलैत निघून ऑक्टोबरात पोचणारी दिंडी नव्हे. तेरा लाखांच्या आसपास वाइल्डबीस्ट (गवत खाणारी मोठी, शिंगवाली, हरणांच्या जातीची जनावरं), दोन लाखांवर झेब्रे आणि त्यांच्या मागेपुढे थॉमसन गॅझेल ही लहान हरणं बारा महिने पावसाच्या मागे फिरत असतात. तेव्हा ‘कधी जावं’ यापेक्षा ‘त्या महिन्यात कुठल्या टोकाला मुक्काम करावा’ हा प्रश्न जास्त कामाचा. उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचं आहे. चुकीच्या टोकाला उतरलात तर निम्मी सुट्टी गाडीत बसून धूळ खाण्यात जाईल.

ढोबळ हिशेब असा. डिसेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत कळप दक्षिणेच्या आखूड गवताच्या मैदानांवर, न्डुटू तळ्याच्या परिसरात असतात. एप्रिल-मेच्या मोठ्या पावसात ते वायव्येकडे सरकतात. जूनच्या सुमारास बरेचसे पश्चिम पट्ट्यात, ग्रुमेटी नदीच्या आसपास सापडतात. जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला कोगाटेंडेजवळ, मारा नदीच्या दोन्ही बाजूंना. त्यातले बरेच पलीकडे केनियातल्या मसाई मारात. नोव्हेंबरात छोटा पाऊस लागला की पुन्हा दक्षिणेची वाट. पाऊस दोन आठवडे पुढेमागे झाला की सगळं गणित तेवढंच पुढेमागे होतं. नदी ओलांडण्याची तारीख सांगून बुकिंग घेणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नका.

फेब्रुवारीत दक्षिणेला विणीचा हंगाम असतो. बहुतेक माद्या दोन-तीन आठवड्यांच्या आतच वितात, आणि त्याही बऱ्याचदा सकाळी. मादी बसते, उठते, गोल फिरते, पुन्हा बसते. पिल्लू जमिनीवर पडतं ते ओलं, फिकट तपकिरी. आधी मागचे पाय उचलून उभं राहायला बघतं, नाकावर आपटतं, परत उठतं. सरासरी सहा-सात मिनिटांत ते उभं असतं आणि थोड्याच वेळात आईच्या बरगडीला चिकटून पळायला लागतं. एवढ्या कमी दिवसांत एवढी पिल्लं आली की तरस, सिंह, कोल्हे पोटभर खाऊनही बहुतेक पिल्लं उरतात. हंगामाच्या आधी किंवा नंतर एकटंदुकटं जन्मलेलं पिल्लू मात्र सहसा वाचत नाही. पहिल्यांदाच जाणाऱ्याला आम्ही नदीपेक्षा ही वेळ सुचवू. गवत आखूड असतं, नजर लांबवर जाते आणि शिकारी कळपांच्या आसपासच असतात.

आठ दिवसांत चार रात्री न्डुटूला आणि दोन मध्यभागी सेरोनेराला काढा. सेरोनेरा नदीकाठी सिंह, बिबटे, पाणघोडे वर्षभर असतात, ते स्थलांतर करत नाहीत. अरुशा शहराहून न्गोरोंगोरोमार्गे रस्त्याने सेरोनेराला पोचायला अख्खा दिवस लागतो. छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान माणशी साधारण १५ किलो, तेही मऊ पिशवीत. कडक सूटकेस विमानाच्या पोटात बसत नाही.

प्रश्न : मारा नदीवर दोन दिवस थांबलो. कळप काठावर येऊन तासन्‌तास उभा राहिला आणि परत फिरला. गाईडचं काही चुकलं का?

बहुधा नाही. या कळपांना म्होरक्या नसतो. पुढच्यांना पाणी आणि मगरी दिसतात, मागच्यांना पुढच्यांची पाठ. मागचा रेटा वाढला की कोणीतरी पाण्यात पडतं आणि मग सगळे त्याच्या मागे जातात. पुढच्यांनी बिचकून माघार घेतली की तसेच सगळे परतही फिरतात. बिचकायला फार लागत नाही. झुडपातली हालचाल, झेब्र्याचं ओरडणं, काठाकडे सरकलेली एखादी जीप एवढं पुरतं. शिवाय एकाच हंगामात कळप तीच नदी अनेकदा इकडून तिकडे ओलांडतात, कारण पाऊस तुकड्यातुकड्यांनी पडतो आणि कोवळं गवत कधी या काठाला असतं, कधी त्या.

तुमच्या हातात आहे ते एवढंच : गाडी काठापासून मागे, झाडाआड, इंजिन बंद. पहिली काही डझन जनावरं पलीकडे चढेपर्यंत जागचं हलायचं नाही. ड्रायव्हरला ‘जरा पुढे घ्या’ म्हणून गळ घालणारे प्रवासीच बऱ्याचदा कळप उलटवतात.

नजर मात्र उतरण्याच्या जागेपेक्षा चढण्याच्या जागेवर ठेवा. पलीकडची कड उभी असेल तर वर चढता न आल्याने जनावरं खालीच साचतात, एकमेकांवर चढतात, बुडतात. मगरींची दहशत मोठी, पण मारा नदीत सामूहिक मरण येतं ते बुडून. वर्षाला सरासरी सहा हजारांवर वाइल्डबीस्ट असे जातात. आकडा मोठा वाटतो, तरी कळपाच्या मानाने तो एक टक्क्याहूनही कमी आहे. त्यातलं मगरींच्या वाट्याला थोडंच येतं. मांस काही आठवड्यांत संपतं, हाडं मात्र वर्षानुवर्षं झिजत नदीला फॉस्फरस पुरवतात आणि त्यावर शेवाळ आणि मासे पोसतात. वाइल्डबीस्टची बहुतेक मरणं नदीत होतच नाहीत. ती कोरड्या महिन्यांतल्या उपासमारीने होतात, आणि तिथे कॅमेरे नसतात.

प्रश्न : उत्तरेत बारमाही नदी आहे, पाऊस जास्त आहे. मग हे कळप तिथेच का राहत नाहीत?

उत्तर मातीत आहे. दक्षिणेची मैदानं न्गोरोंगोरोच्या डोंगरांतल्या ज्वालामुखींच्या राखेची आहेत. त्यातला ओल दोइन्यो लेंगाई अजून जागा आहे. या राखेत कॅल्शियम, फॉस्फरस भरपूर. खाली चुनखडीचा कडक थर जमलेला असल्याने झाडांची मुळं आत जात नाहीत, म्हणून तिथे झाडं नाहीत, नुसतं बोटभर गवत. दूध पाजणाऱ्या मादीला आणि हाडं धरणाऱ्या पिल्लाला नेमकी हीच खनिजं लागतात. उत्तरेचं गवत उंच आणि भरपूर, पण फॉस्फरसच्या बाबतीत निकृष्ट.

मग दक्षिणेतच का राहत नाहीत? कारण आग्नेयेला वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस, तर वायव्येला त्याच्या दुपटीहून जास्त. मे-जूनमध्ये दक्षिणेची डबकी आटतात, उरलेलं पाणी खारट होतं, गवत वाळतं. उत्तरेला कळप जातात ते जगून राहायला आणि दक्षिणेला येतात ते पिल्लं वाढवायला.

झेब्रे बरोबर का असतात, असंही काहींनी विचारलं आहे. झेब्रा रवंथ करत नाही. जाडेभरडे, उंच देठ झपाट्याने पोटातून पुढे ढकलायची त्याची तऱ्हा. तो वरचं कापतो, वाइल्डबीस्ट खालची पानं खातो आणि नंतर आलेलं थॉमसन गॅझेल जमिनीलगतचे कोंब टिपतं. तिघं एकाच ताटात जेवतात, पण तिघांचं खाणं एक नाही.

प्रश्न : १९६० च्या सुमारास इथे आजच्या मानाने फारच थोडे वाइल्डबीस्ट होते, असं वाचलं. शिकारबंदीमुळे वाढले का?

मुख्य कारण शिकार नव्हे, बुळकांडी. गाईबैलांचा हा विषाणूजन्य रोग १८८० च्या दशकाच्या अखेरीस बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर ईशान्य आफ्रिकेत उतरला आणि काही वर्षांत खालपर्यंत पसरला. गुरं मेली, गुरांवर जगणारे मसाई उपाशी पडले, रानातले म्हशी-रेडे आणि वाइल्डबीस्टही मेले. पुढची कितीतरी वर्षं दर साली नव्या पिल्लांमध्ये रोग फिरत राहिला, म्हणून संख्या वर येईना.

उपाय झाला तो उद्यानाबाहेर. १९५० च्या दशकात आसपासच्या गुरांना लस टोचायला सुरुवात झाली. वाइल्डबीस्टला कोणीच सुई लावली नाही, तरी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यातूनही रोग नाहीसा झाला. याचा अर्थ रोगाचं घर गुरांत होतं, रानात नव्हे. १९६१ च्या मोजणीत अडीच लाखांच्या आसपास असलेले वाइल्डबीस्ट १९७७ पर्यंत तेरा-चौदा लाखांवर गेले. एवढी तोंडं चरायला लागल्यावर वाळलेलं गवत उरेना, वणवे घटले आणि वणव्यात जळणारी रोपटी झाडं होऊ लागली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं.

उलटा धडाही इथलाच आहे. १९९४ मध्ये सेरेंगेटीतल्या सिंहांपैकी जवळपास एकतृतीयांश मेले. कुत्र्यांमध्ये असणारा डिस्टेंपरचा विषाणू त्यांच्यात शिरला होता. तो आधीही येऊन गेला होता, पण एवढे सिंह तेव्हा दगावले नव्हते. १९९३ च्या दुष्काळात रोडावलेल्या, गोचिडांनी भरलेल्या म्हशी सिंहांनी खाल्ल्या, त्यातून बॅबेशिया हा रक्तातला परजीवी वाढला आणि त्यावर डिस्टेंपर आला. दोन्ही एकदम आल्याने घात झाला. त्यानंतर आजूबाजूच्या गावांतल्या कुत्र्यांना लस देण्याचं काम हाती घेतलं गेलं.

प्रश्न : लांबून चित्ता आणि बिबट्या यांतला फरक कसा ओळखायचा? फोटो घरी आल्यावर बघतो तर नाव चुकलेलं असतं.

ठिपके मोजत बसू नका, आधी जागा आणि ठेवण बघा. उघड्या मैदानात, वारुळावर चढून दिवसाढवळ्या लांब बघत बसलेलं सडपातळ, लहान डोक्याचं जनावर म्हणजे चित्ता. झाडाच्या आडव्या फांदीवर पाय आणि शेपूट लोंबती ठेवून पसरलेलं भरदार जनावर म्हणजे बिबट्या. दुर्बिणीत चेहरा आला की प्रश्न मिटतो. चित्त्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते, काजळ ओघळल्यासारखी. बिबट्याला ती नसते. चित्त्याचे ठिपके भरीव, बिबट्याचे फुलासारखे, मध्ये पोकळ.

चूक बऱ्याचदा तिसऱ्याच जनावरामुळे होते, ते म्हणजे सर्व्हल. उंच गवतात मोठाले उभे कान आणि आखूड शेपूट दिसली तर ते ‘चित्त्याचं पिल्लू’ नव्हे, सर्व्हल मांजर आहे. चित्त्याचं लहान पिल्लू दिसलंच तर त्याच्या पाठीवर राखाडी लांब केसांची आयाळ असते.

चित्त्याजवळ गाड्यांची गर्दी होऊ देऊ नका. पाठलाग काहीशे मीटरांचाच, पण त्यानंतर तो धापा टाकत बसतो, लगेच खाऊ शकत नाही. गाड्यांचं कडं बघून तरस आणि सिंह तिकडे वळतात आणि शिकार जाते. शेजारच्या मसाई मारात पाहणी झाली तेव्हा पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागात मादीमागे सरासरी दोनहून जास्त पिल्लं वाढली. वर्दळीच्या भागात सरासरी एकही नाही. चित्त्यापाशी चार गाड्या आधीच असतील तर आपली पुढे न्या.

प्रश्न : तरस दुसऱ्यांच्या शिकारीवर जगतो, हे खरं ना?

इथला ठिपकेवाला तरस स्वतः शिकार करतो आणि बहुतांश अन्न तसंच मिळवतो. पहाटे तरसांच्या गराड्यात सिंह खाताना दिसला तर शिकार सिंहाचीच असेल असं धरून चालू नका. रात्री तरसांनी पाडलेली शिकार सिंहांनी हिसकावणं अगदी नेहमीचं आहे. भारतात असतो तो पट्टेवाला तरस. तो वेगळा, मेलेल्यावर जास्त विसंबणारा. नाव एक असल्याने बदनामीही वाटून घेतली गेली.

सेरेंगेटीच्या तरसाची खरी गंमत पायपिटीत आहे. कळप निघून गेले तरी टोळी आपली हद्द सोडत नाही. दूध पाजणारी मादी बिळापासून चाळीसेक किलोमीटर चालत कळपापर्यंत जाते, खाते आणि परत येते. तोवर पिल्लं कधीकधी दोन-तीन दिवस उपाशी बिळात. हे जमतं कारण तिचं दूध फार सकस असतं, आणि पिल्लं वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ, त्यावर वाढतात. सकाळी रस्त्याच्या कडेने मान खाली घालून एकाच चालीत जाणारी, ओथंबलेल्या सडांची तरस दिसली तर ती घरी निघाली आहे. तिच्या आडवी गाडी घालू नका.

टोळीत माद्या वरचढ, आकारानेही थोड्या मोठ्या. वाटेत पांढरीशुभ्र विष्ठा दिसली तर ती तरसाची. चावून खाल्लेल्या हाडांचा तो चुना.

थोडक्यात :

वाघ दिसेल का? नाही. आफ्रिकेच्या रानात वाघ नाहीत.

काळा गेंडा आणि पांढरा गेंडा यांत रंगाचा फरक किती? काहीच नाही, दोन्ही राखाडी. ओठ बघा. टोकदार, फांदी धरणारा वरचा ओठ काळ्याचा. गवत कापणारा रुंद, सपाट ओठ पांढऱ्याचा. सेरेंगेटीतला मूळचा गेंडा काळा, तोही मोजकाच. मोरू इथल्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांच्या परिसरात, कडक पहाऱ्यात.

जिराफातला नर कसा ओळखावा? शिंगांची टोकं बघा. नराची घासून टक्कल पडलेली, मादीची बारीक आणि काळ्या केसांचा झुबका असलेली. शिंगं दोघांनाही असतात. मानेचे मणके मात्र माणसाएवढेच, सात.

प्रश्न : कपडे कुठल्या रंगाचे न्यावेत? निळी जीन्स नको म्हणतात, ते जनावरं बिथरतात म्हणून का?

जनावरांसाठी नव्हे, त्सेत्से माशीसाठी. ती निळ्या आणि काळ्या रंगाकडे ओढली जाते; तिला पकडायचे सापळे याच दोन रंगांच्या कापडाचे करतात, एवढं सांगितलं की पुरे. खाकी, फिकट तपकिरी, मातकट हिरवा घ्या. पांढरा धुळीने एका दिवसात वाया जातो.

माशी मोकळ्या मैदानात त्रास देत नाही, झाडीत देते. म्हणजे पश्चिम पट्टा आणि उत्तरेकडचा रानपट्टा. चालत्या गाडीच्या मागे ती लागते, म्हणून झाडीतून जाताना काचा वर. अंगाला लावायच्या मलमाने डास पळतात, ही फारशी जुमानत नाही, आणि पातळ कापडातून सहज चावते. चावा सुईसारखा दुखतो. तिच्यातून निद्रारोग होऊ शकतो. प्रवाशांत तो विरळा, पण चाव्याच्या जागी काही दिवसांनी दुखरी लाल गाठ आली किंवा परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना ‘टांझानियात होतो, त्सेत्से चावली’ हे आधी सांगा. मलेरियाच्या गोळ्या निघण्यापूर्वी सुरू करायच्या असतात. किती दिवस आधी ते औषधावर ठरतं, म्हणून डॉक्टरांकडे वेळेवर जा. टांझानियात प्लास्टिकच्या पिशव्यांना २०१९ पासून बंदी आहे, त्या सामानात नकोतच. आणि एक गरम जाकीट हवंच. मैदानं उंचावर आहेत, जून-जुलैत पहाटे उघड्या छताच्या गाडीत दात वाजतात.

प्रश्न : ४०० मिलिमीटरची लेन्स आहे, तरी लांबचे फोटो मऊ, म्हणजे अस्पष्ट, येतात. ट्रायपॉड न्यावा का?

गाडीत ट्रायपॉड उघडायला जागा नसते. रिकामी कापडी पिशवी न्या, तिथे तांदूळ किंवा कडधान्य भरा, छताच्या कडेवर ठेवा आणि लेन्स तिच्यावर टेकवा. इंजिन बंद करायला सांगा. नुसत्या थरथरीने फोटो हलतो. बाकीच्यांनाही क्षणभर स्थिर बसायला सांगा. शटरचा वेग पळत्या जनावराला सेकंदाचा दोन हजारावा भाग, बसलेल्याला पाचशेवा पुरतो.

हे सगळं करूनही सकाळी दहानंतर फोटो मऊच येत असतील तर दोष लेन्सचा नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते, आणि लेन्स जितकी लांब तितकी ती लहर मोठी दिसते. त्यावर इलाज एकच, अंतर कमी असलेलं जनावर निवडणं. धूळ उडत असताना लेन्स बदलू नका. ड्रोन उद्यानात चालत नाही.

प्रश्न : गिधाडं उतरताना दिसली की तिकडे गाडी वळवावी का? सिंह सापडतो?

गिधाडं नेमकी कुठे बसली आहेत ते आधी दुर्बिणीतून बघा. ती आसपासच्या झाडांवर बसून सगळी एकाच जागी खाली बघत असतील, तर शिकारी अजून ताटावर आहे, मग जरूर जा. जमिनीवर उतरून भांडत असतील, तर शिकारी निघून गेलेला आहे, किंवा जनावर आपोआप मेलं आहे. तेही बघण्यासारखं असतं. जाड कातडं फाडण्याएवढी ताकद मोठ्या, लाल कातडीच्या डोक्याच्या लॅपेट-फेस्ड गिधाडाच्या चोचीत असते. लांब मानेची रुपेल आणि पांढऱ्या पाठीची गिधाडं आत मान खुपसून मऊ मांस ओढतात. बारीक चोचीचं हूडेड गिधाड कडेकडेने तुकडे वेचतं, आणि मराबू करकोचा बाजूला उभा राहून पळवता येईल अशा तुकड्याची वाट बघतो. एकही पक्षी खाली न उतरता बराच वेळ गेला, तर गवतात नीट शोधा. पोट भरलेला सिंह शिकारीला टेकून झोपलेला असतो आणि वीस मीटरवरूनही दिसत नाही.